वीरमर्दन व्हेगन कुकीज

१२ जानेवारी, पहाटे ५:३०

नवीन वर्षाचा संकल्प अकरा दिवस उशिरा, पण पक्का. एप्रिलच्या जत्रेत वीरधवलचं नाक कापायचं. शस्त्र ठरलं आहे. कुकीज.

वीरधवल माझा सख्खा चुलतभाऊ. गेल्या जत्रेत खाऱ्या जेवणाच्या, म्हणजे मटणाच्या, पंगतीत रश्श्याची बादली घेऊन माझ्या ताटापुढे थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या मेजरांचं कसं हाय, ऑर्डर मोठी, फायरिंग न्हाई." रोख माझ्या मशरूमवर, ड्रॅगन फ्रूटवर आणि कडकनाथ कोंबड्यांवर होता. अख्खी पंगत हसली. पलीकडे भाकरी वाढत असलेली संयोगितासुद्धा हसली. ही माझी बायको. तोंडावर पदर धरून हसली, म्हणजे जास्तच हसली.

नोंदीसाठी: मशरूमला हवामान आड आलं. ड्रॅगन फ्रूटला माती. कडकनाथला मुंगूस. माझा दोष शून्य.

('मेजर' बद्दल: मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. पण आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. मी लोकांना दुरुस्त करत बसत नाही.)

१२ जानेवारी, दुपारी

कुकीजच का? कारण त्या व्हेगन असणार. पुण्या-मुंबईत लोक वेडे झालेत याच्यामागे. मैदा नाही, साखर नाही, दूध नाही, तूप नाही. आता वीरधवलकडे काय आहे? चार म्हशी आणि एक गुऱ्हाळ. म्हणजे दूध, तूप, गूळ. त्याच्या घरचा एक कणसुद्धा न वापरता मी मोठा होणार. डोकं लागतं याला.

ब्रँडचं नाव: वीरमर्दन. लोकांना देशभक्तीपर वाटेल. ज्याला कळायचं त्याला कळेल.

१३ जानेवारी

संयोगिताला योजना सांगितली. ती शाळेत शिकवते, त्यामुळे घरातसुद्धा निकाल लावल्यासारखी बोलते. सगळं ऐकून म्हणाली, "जत्रेपर्यंत करा. जत्रेत वीरधवल भावजींनी चारचौघांत तुमच्या बिस्किटाचं नाव काढलं, तर मी जन्मात परत पुण्याचं बोलणार न्हाई. न्हाई काढलं, तर पुण्याचं बघायचं."

पुण्याचं म्हणजे माझ्या बॅचच्या एका माणसाने सांगितलेली नोकरी. कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर. गेटवर उभं राहून लोकांच्या डिक्क्या उघडायच्या, बारा माणसांच्या खोलीत झोपायचं. मी! कारगिलच्या वेळी बटालियनचा शिधा सांभाळलेला माणूस. (तेव्हा आम्ही जोधपूरला होतो. पण वातावरण तंग तिथेही होतं.)

घर सोडून पुन्हा ट्रंक भरायची मला इच्छा नाही. बावीस वर्षं भरली. हे मी तिला बोललो नाही.

अट मान्य केली.

१४ जानेवारी

सूड पूर्ण होईपर्यंत स्वतःही व्हेगन राहायचं. आजपासून.

संक्रांत असल्यामुळे गुळाच्या पोळीवर तूप घेतलं. उद्यापासून. चहातलं दूध यात धरत नाही. तो चहा असतो.

१९ जानेवारी

पहिला प्रयोग. ज्वारी, नाचणी, बाजरी, भिजवलेला जवस, खजूर, करडईचं तेल. घरच्या ओव्हनमध्ये. बाहेर आलं ते दिसायला कुकी, हात लावला की पीठ. संयोगिता म्हणाली भाजायच्या आधी पण पीठच होतं, मग मधे काय केलंत?

निष्कर्ष: ओव्हन कमजोर आहे.

२३ जानेवारी

दुसरा प्रयोग. राजगिरा आणि वरीचं पीठ वाढवलं, वेळ दुप्पट केला. आता मोडत नाही. अजिबात मोडत नाही.

मनुबाई काकी आली होती. काकी म्हणजे शत्रूची आई, पण तिचा माझ्यावर लहानपणापासून जीव. तिला एक दिली. बराच वेळ तोंडात फिरवत बसली. म्हणाली, "गोड हाय का अळणी हाय ते कळंना बघ, पर लय पुरतंय." मग कट्ट असा आवाज आला. दात.

संध्याकाळी वीरधवल तिला सांगलीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. जाताना माझ्या दारावरून हॉर्न वाजवत गेला. पहिला वार शत्रूच्या घरात पडला हे खरं, पण चुकीच्या माणसावर पडला. काकीला दोन दिवस मऊ भात संयोगिताने करून नेला. मी नेला नाही, कारण तत्त्व.

(कोथिंबीर मी निवडून दिली होती.)

२ फेब्रुवारी

ओव्हनचा नाद सोडला. पलूसला शाहनवाजच्या बेकरीत भट्टी आहे. आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या रवा, साखर, डालडा घरचा घेऊन जातात आणि समोर बसून भट्टीच्या पत्र्यांवर नानकटाई भाजून आणतात. मीही डबे घेऊन त्यांच्या रांगेत बसलो. पुढच्या बाईने विचारलं, "मेजर, वहिनींना बरं न्हाई का?" दुर्लक्ष केलं.

शाहनवाजने माझं पीठ मळायला घेतलं आणि हात थांबवला. म्हणाला, "मेजर, ह्यात एकमेकाला धरून ठेवायला कायच न्हाई. मूठभर मैदा आन जरा डालडा टाकू का? कुणाला कळतंय?"

मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, बरं, पत्रा तुमचा, तत्त्व तुमचं.

तीन पत्रे भाजले. दिसायला उत्तम. रंग शेणीसारखा आहे असं रांगेतली कोणी म्हणाली. अज्ञान.

११ फेब्रुवारी

साताऱ्याला गेलो. तिथे एक ऑरगॅनिक दुकान आहे, एसी वगैरे. मालकीणबाईंनी एक कुकी तोडून खाल्ली. पाणी मागवलं. मग पॅकेट उलटसुलट करून पाहिलं आणि पॅकेट फार छान आहे असं म्हणाल्या. म्हणजे निम्मं काम झालं.

माल ठेवून घेतला नाही. त्यांचं नाव लक्षात ठेवलं आहे. मोठा झाल्यावर त्यांनाही माल देणार नाही.

१५ फेब्रुवारी

सांगलीला बागेत सकाळी फिरणाऱ्या लोकांना फुकट वाटल्या. सगळ्यांनी घेतल्या. शिकलेली माणसं, नाही म्हणत नाहीत. नंतर त्याच वाटेने परत आलो तर प्रत्येक कुंडीत एक एक. कुत्र्याने एक हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या बागेत झाडांना खत कमी पडत असावं, म्हणून लोकांनी दिलं असेल. तरी वाईट वाटलं. एसटीत बसून वीरधवलला काय काय बोलायचं ते मनात तीनदा म्हटलं, तेव्हा बरं वाटलं.

येताना स्टँडवर आम्लेट-पाव खाल्ला. अंडं व्हेगनमध्ये बसतं का, ते घरी येऊन बघितलं. बसत नाही.

१८ फेब्रुवारी

पुण्याहून फोन. जागा एप्रिलअखेरपर्यंत धरून ठेवतो म्हणतोय. संयोगिताने माझी फौजेतली ट्रंक माळ्यावरून काढून उन्हात ठेवली. झुरळं झालीत म्हणाली. मी आत पाहिलं. एकही झुरळ नव्हतं.

२४ फेब्रुवारी

विजय! पहिला घाऊक ग्राहक!

विकल्या न गेलेल्या कुकीज शाहनवाजकडे पोत्यात पडून होत्या. त्याच्याकडे दहिवडीचा धनाजी नावाचा एक जण आठवड्याला पिकअप घेऊन येतो आणि शिळे पाव पोत्याने नेतो. (टोस्टचा धंदा असावा.) त्याने ते पोतं बघितलं, एक कुकी दगडावर आपटून फोडली, वास घेतला आणि सगळं पोतं घेऊन गेला. आज परत आला. शाहनवाजने फोन जोडून दिला. धनाजी म्हणाला, "मेजर, लय चांगला माल हाय. घातला का संपतोय. दर आठवड्याला दोन पोती लागतील."

घातला का संपतोय. दहिवडी म्हणजे माण तालुका. दुष्काळी भाग. सरळ, खऱ्या चवीची माणसं. सातारा-सांगलीच्या एसीत बसून जीभ मेलेल्यांना काय कळणार?

शाहनवाज काहीतरी सांगायला लागला होता, पण मी फोन ठेवून पेढे आणायला गेलो. पेढे मी स्वतः दोनच खाल्ले.

२ मार्च

धनाजीचा फीडबॅक: पॅकेट नको, पोत्यातच द्या. यालाच झीरो पॅकेजिंग म्हणतात. परदेशात हेच चाललंय.

मोडकी असली तरी चालतील म्हणाला. किती समजूतदार.

८ मार्च

धनाजी स्वतः भेटला. पन्नाशीचा, डोक्याला फेटा, बोलणं कमी. त्याच्या पिकअपला चारी बाजूंनी जाळी आहे. हवेशीर. माल ताजा राहतो. असा विचार आपले मोठे व्यापारी करत नाहीत.

सूचना दिल्या त्याने. मीठ जरा जास्त. खजूर काढून टाका, गोडाची गरज न्हाई. मी चाट पडलो. शुगर-फ्रीच्या पुढे गेलेत तिकडे.

प्रोटीन कुठून आणायचं इथे मी अडकलो होतो, तेही त्यांनी सोडवलं. धनाजी म्हणाला, "जरा शेंगदाण्याची पेंड टाका की. अंगाला लागंल." प्लांट प्रोटीन! लगेच मान्य केलं.

११ मार्च

रमजान चालू आहे. शाहनवाजची भट्टी दिवसभर पेटलेली, त्याच्या तोंडात पाणी नाही, तरी माझे पत्रे लावतो. पेंड बघून म्हणाला, "मेजर, एक सांगू का? धनाजीला एकदा इचारा तरी, कोण खातंय म्हणून." मी म्हणालो, ग्राहकाच्या घरात डोकावणं हे व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. तो हसला. उपवासाने माणूस असा विनाकारण हसतो.

१६ मार्च

धनाजीचा फोन. "मेजर, महिन्याभरात वजन धरलं बघा सगळ्यांनी. केसाला चकाकी आली."

थोडा विचारात पडलो. हेल्दी कुकीने वजन कमी व्हायला हवं. पण दुष्काळी भाग, अंगावर मांस नसलेली माणसं, तिथे वजन वाढणं चांगलंच. शरीर स्वतः ठरवतं. केसांची चकाकी जाहिरातीत टाकणे.

संयोगिताने विचारलं, "कोण खातं म्हणे ती?" मी म्हणालो, माणमधली जनता. ती उठून आत गेली. आतून बराच वेळ ठसका ऐकू आला. पाणी नेऊन दिलं.

२३ मार्च

नवीन सूचना: वाळलेला शेवग्याचा पाला. गव्हाचा कोंडा. मक्याचा भरडा. म्हणजे अनुक्रमे सुपरफूड, फायबर आणि ग्लुटेन-फ्री. ज्वारी, नाचणी, राजगिरा हे महागडे लाड बंद करायला सांगितलं. बरोबरच आहे. आकार वाढवून जाड करायला सांगितलं, "चावायला येळ लागू दे." माइंडफुल ईटिंग. पुण्यात यावर शिबिरं होतात.

आठवड्याला आता पाच पोती. स्वतः एक खाऊन पाहिली. खरं सांगायचं तर मला जमलं नाही. माझी जीभ शहरी झाली असावी.

३० मार्च

जत्रेची मीटिंग देवळात. या वर्षी पंगतीची बोकडं वीरधवलने द्यायची ठरली. तो म्हणाला, "बोकडं अशी आणतो का गाव नाव काढील."

मी उभा राहिलो. म्हणालो, मग पंगतीच्या शेवटी माझ्या कुकीज. गावाने आठवण ठेवावी अशा.

कोणी हसलं नाही. वीरधवल मान हलवून म्हणाला, "आण की लेका." वर्षभरात माझ्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. आवाजात भीती जाणवली. (संयोगिता म्हणते त्यात आनंद होता. तिला आवाजातलं काय कळतं?)

एकेकाळी आम्ही दोघं एकाच सायकलवरून पलूसला शाळेत जायचो. तो पायडल मारायचा. ते आता काढायचं कारण नाही.

५ एप्रिल

जत्रेसाठी मूळ रेसिपीच्या कुकीज भाजल्या. सहा पत्रे. पंगतीत माझं भाषण असेल, तेही पाठ केलं. सुरुवात अशी: "जे मला हसले, त्यांचे आभार." इथे थांबून वीरधवलकडे बघायचं. दोन सेकंद. मग पुढे.

दोन सेकंद संयोगितासमोर करून पाहिलं. डोळ्यात काही गेलं का असं विचारलं तिने.

९ एप्रिल, सकाळी

जत्रा. आज गोड नैवेद्य. उद्या खारं जेवण. पुरणपोळीवर तूप नको म्हणालो. काकीने वाढलं. मोठ्या माणसाचा मान ठेवला.

उद्या याच वेळी वीरधवलला तोंड लपवायला जागा मिळणार नाही.

१० एप्रिल, संध्याकाळी

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, कारण शिस्त.

पंगत बसली. मटण आलं. मी व्हेगन म्हणून नुसता भात घेणार होतो. पण वास असा आला की हात आपोआप ताट पुढे करता झाला. जत्रेचं मटण हे गावाचं असतं, ते वैयक्तिक धरत नाही. लोण्यासारखं होतं. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदाही. आयुष्यात असं मटण खाल्लं नव्हतं, आणि कोणीच खाल्लं नव्हतं, कारण पंगतीत कोणी बोलत नव्हतं. सगळे मन लावून जेवत होते.

माझे कुकीजचे पत्रे टेबलावर होते. भाषणासाठी मी हात धुऊन उभा राहणार, तेवढ्यात वीरधवलच आधी उभा राहिला. म्हणाला, "मंडळी, मटण कसं झालंय?" अख्खी पंगत म्हणाली, एक नंबर. तो म्हणाला, "ह्यात माझं कायबी न्हाई. बोकडं दहिवडीच्या धनाजीची. त्यालाच इचारा."

मांडवाच्या खांबापाशी फेटा दिसला. धनाजी. हात जोडून उभा होता. म्हणाला, "आवं, माझं बी काय न्हाई. ह्यो सगळा मेजरांच्या बिस्किटांचा गुण. दीड महिना झाला, दुसरं कायच तोंडात घेत न्हाईत माझी बकरी. मेजरांनी आमचं सगळं ऐकून मीठ-पेंड घालून दिली, म्हणून अंग धरलं जनावरांनी."

मग वीरधवल माझ्याकडे वळला. सगळ्या गावासमोर, खणखणीत आवाजात म्हणाला, "राजवर्धन, मानलं लेका तुला. तुझ्या बिस्किटाला तोड न्हाई."

हेच वाक्य मला हवं होतं. जवळजवळ शब्दशः. तीन महिने रोज झोपताना ऐकत होतो.

वाटलं आता हसतील. मी तयार होतो. कोणीच हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. एकाने विचारलं, म्हशीला चालतंय का? दुसऱ्याने विचारलं, गाभण शेळीला किती घालायचं? मी उत्तर दिलं. काय करणार, विचारलं तर सांगावं लागतं. गाभण शेळीला मीठ कमी.

हसले असते तर फार बरं झालं असतं.

शाहनवाज शेवटच्या ओळीत जेवत होता. वर बघत नव्हता. त्याचे खांदे हलत होते.

पत्र्यांवरच्या माणसांसाठीच्या कुकीज तशाच राहिल्या. परत आणल्या. ट्रंक शेजारी होती तिच्यावर ठेवल्या.

११ एप्रिल

दीड महिना एका तालुक्याच्या जनतेचा मी विचार करत होतो, त्यांचं आरोग्य, त्यांचे केस. आणि ती जनता काल माझ्या ताटात होती. मीच तीनदा घेतली.

वीरधवलने हे जाणूनबुजून केलं असेल का, यावर दुपारभर विचार केला. तसं असतं तर सूड पुढे चालू ठेवता आला असता. पण धनाजी म्हणतो त्याला परवा बाजारात बोकडं घेतानाच कळलं, आणि कळल्यावर तो मांडवात उभं राहून सांगायला धडपडत होता. खरंच खूष झाला होता. यापेक्षा मोठा अपमान कोणता?

संयोगिता रागावेल असं वाटलं होतं. ती जवळ येऊन बसली. म्हणाली, "भावजींनी चारचौघांत नाव काढलं. अट पुरी झाली. मी पुण्याला फोन करून नको म्हणून सांगितलं." मी म्हणालो, त्याने नाव कसं काढलं ते तू ऐकलंस ना? ती म्हणाली, "अटीत कसं ते नव्हतं." मग ट्रंक तिनेच उचलून माळ्यावर टाकली. एकटीने. धूळ झटकली आणि म्हणाली, "आता कुठं जाऊ नका."

डोळ्यात पाणी आलं. ट्रंकेची धूळ फार होती.

१३ एप्रिल

फोनची घंटा सकाळपासून थांबत नाही. पलूस, औंध, कुठून कुठून. सगळ्यांकडे शेळ्या आहेत. शाहनवाज म्हणतो, "मेजर, भाजायची बी गरज न्हाई आता, नुसतं वाळवून दिलं तरी चालंल." भाजणारच. दर्जा म्हणून काही चीज असते.

नाव तेच ठेवलं आहे. पोत्यावर 'व्हेगन' हा शब्दही तसाच. ते तर खोटं नाही. ग्राहक शंभर टक्के व्हेगन आहे.

१५ एप्रिल

आज वीरधवलचा फोन आला. त्याला म्हशींसाठी चार पोती हवी आहेत. वीरमर्दन. वीरधवलच्या गोठ्यात. त्याच्याच म्हशींना.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. संयोगिता समोर उभी होती. मी विचारलं, कधी पाठवू? तो म्हणाला, उद्या.

परवा पाठवणार.